नायिकेची बहीण

पोरी,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. डेली सोपमध्ये नायिकेच्या बहिणीसाठी विचारणा झालीय. ग्रुपमधली मंडळी म्हणतायत, एकदा मालिकेत गेलीस की नाटकातून उठलीस. घरचे म्हणतायत, घरबसल्या काम चालून आलंय तर नखरे कसले. या दोन्ही बाजू तू व्यवस्थित मांडल्यास, पण खरं दुखणं शेवटच्या ओळीत आहे: "नायिका असती तर विचार तरी केला असता."

त्या ओळीपायी हे पत्र लिहायला बसले. उपदेश करण्यापेक्षा तुला एका बाईची कारकीर्द सांगते. लॉरी मेटकॅफ, अमेरिकन नटी. नाव ऐकलं नसशील, पण आवाज तुझ्या कानावरून नक्की गेलाय. 'टॉय स्टोरी'तल्या अँडीची आई तीच. नाटक, टीव्ही, सिनेमा, तिन्हीकडे तिला मान आहे. तिच्या नावावर टीव्हीच्या चार एमी आहेत, नाटकाच्या दोन टोनी आहेत, ऑस्करचं नामांकन आहे. आणि या बाईनं आयुष्यात सगळ्यात जास्त वर्षं जी भूमिका केली, ती नायिकेच्या बहिणीची.

तिचा जन्म 1955 चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. लहानपणापासून भयंकर लाजरी. कॉलेजात आधी जर्मन घेतलं, मग मानववंशशास्त्र, आणि मग कुठे नाटक. शिकता शिकता सेक्रेटरीची नोकरीही केली. 'मी जन्मजात नटी' वगैरे भानगड नाही. पण इलिनॉय स्टेट विद्यापीठात तिला जी पोरं भेटली, ती बघ: जॉन माल्कोविच, टेरी किन्नी, जेफ पेरी. त्यांनी आणि गॅरी सिनीजनं मिळून 1976 मध्ये शिकागोच्या उत्तरेला हायलंड पार्क नावाच्या गावात एका चर्चच्या तळघरात 88 खुर्च्या मांडून नाटकं सुरू केली. त्या कंपनीचं नाव स्टेपनवुल्फ. आपल्याकडे त्याच्या दोनच वर्षं आधी दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'नं प्रयोग सुरू केले होते. पैसा नाही, मोठं नाव नाही, दिवसा पोटापाण्याचं काम आणि संध्याकाळी तालीम. दोन्हीकडे हवा तीच होती.

अशा कंपनीत आज ज्याच्याकडे मोठं काम, तो उद्या चार वाक्यांचा. लॉरीला ही सवय विशीतच लागली, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्यावर उभं आहे. काम केवढं आहे हे मोजायची सवय लागायच्या आधी समोरच्याचं ऐकायची सवय लागली.

1981 मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'सारख्या गाजलेल्या कार्यक्रमात तिची निवड झाली. एका भागात ती दिसली, लगेच लेखकांचा संप झाला, तो हंगाम तिथेच आटोपला आणि पुढच्या हंगामात तिला घेतलंच नाही. तिची टीव्हीवरची सुरुवात ही अशी. ती परत शिकागोला, आपल्या मंडळींकडे.

आता जरा सावकाश वाच, कारण इथे नटीनं बघण्यासारखं काही आहे. 1984 मध्ये स्टेपनवुल्फनं लॅनफर्ड विल्सनचं 'बाम इन गिलिअड' न्यूयॉर्कला नेलं. दिग्दर्शक माल्कोविच. नाटक घडतं न्यूयॉर्कमधल्या रात्रभर उघड्या असणाऱ्या एका कॉफीशॉपात. वेश्या, गर्दुल्ले, फुटकळ धंदेवाले असा पंचवीस-तीस माणसांचा गलका. त्यात डार्लीन नावाची एक भोळी मुलगी शिकागोहून नुकतीच आलेली. दुसऱ्या अंकात ती टेबलाशी बसून दुसऱ्या एका बाईला आपलं जमलेलं लग्न कसं मोडलं ते सांगते. जवळपास वीस मिनिटं. एका जागी बसून. ना पार्श्वसंगीत, ना प्रकाशाचा खेळ, ना हुंदका. डार्लीन फार हुशार नाही, त्यामुळे गोष्ट भरकटते, नको ते तपशील येतात. आणि मुख्य म्हणजे आपली गोष्ट करुण आहे हे तिचं तिलाच धड कळलेलं नाही. आता तू विचार कर, हे उभं कसं करायचं? एकांकिका स्पर्धेत अशी वीस मिनिटं मिळाली तर आपल्या मुली तिसऱ्याच मिनिटाला डोळ्यात पाणी आणतात आणि दहाव्याला रंगमंचावर कोसळतात. (तूही कोसळली होतीस. बक्षीस मिळालं म्हणून तेव्हा काही बोलले नाही.) लॉरीची डार्लीन रडत बसत नाही. ती फक्त सांगत राहते. कारण सांगणं तिला गरजेचं आहे, आणि ऐकणारी, म्हणजे ग्लेन हेडली ही तेवढीच ताकदीची नटी, खरोखर ऐकतेय. या कामासाठी तिला न्यूयॉर्कच्या छोट्या रंगभूमीसाठीचा ओबी पुरस्कार मिळाला आणि न्यूयॉर्कनं तिचं नाव लक्षात ठेवलं.

मग 1988 ला 'रोझॅन' आली. रोझॅन बार या विनोदी कलावतीच्या नावाची मालिका, इलिनॉयमधल्या एका कष्टकरी कुटुंबाची. नायिका ती. लॉरी तिची धाकटी बहीण, जॅकी. 'नायिकेची बहीण' म्हणजे काय असतं ते तुला ठाऊक आहे: चहाचा ट्रे, दारामागून ऐकणं, "ताई, तू काही काळजी करू नकोस." जॅकीच्या वाट्यालाही सुरुवातीला फार काही नव्हतं. बहिणीबरोबर कारखान्यात काम करणारी, बिनलग्नाची, गोंधळलेली बाई. पण लॉरीनं तिला असं काही धरलं की लेखक तिच्यासाठी लिहीत सुटले. जॅकी पोलीस झाली, पायऱ्यांवरून पडून दुखापत करून घेतली, ट्रक चालवला, बहिणीबरोबर खाण्याचं दुकान टाकलं, मारहाण करणाऱ्या पुरुषाबरोबर राहिली आणि त्यातून बाहेर पडली. 1992, 93, 94 अशी लागोपाठ तीन वर्षं सहायक अभिनेत्रीची एमी तिनं नेली.

त्यातला एक प्रसंग शोधून बघच. वडील वारलेत. नातेवाइकांना फोन करून कळवायचं काम जॅकीकडे. पलीकडच्या म्हाताऱ्या बाईला ऐकू कमी येतं. जॅकी आधी हळुवारपणे सांगते, बाबा आता आपल्यात नाहीत. पलीकडे कळत नाही. थोडं स्पष्ट सांगते. तरी कळत नाही. मग आवाज चढत चढत शेवटी ती फोनवर किंचाळते, मेले, मेले! आणि तरीही पोचत नाही म्हटल्यावर हात टेकते आणि सांगून टाकते, बाबा मजेत आहेत, तुमची आठवण काढत होते. लोक हसून लोळतात. पण तू आवाज बंद करून नुसता तिचा चेहरा बघ. हसवण्यासाठी ती काहीही करत नाहीये. बाप गेलेल्या मुलीला एक साधा निरोप पोचवायचा आहे आणि तो पोचत नाही, एवढंच तिच्या डोक्यात आहे. काही वर्षांपूर्वी तळघरवाल्या मंडळींबरोबर न्यूयॉर्कला जे केलं होतं, तेच ती टीव्हीवर घेऊन आली. माध्यम बदललं म्हणून अभिनय पातळ केला नाही.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर हे पत्र म्हणजे तुला गोड बोलून मालिकेत ढकलणं होईल. 'रोझॅन' आठवड्याला एक भाग करायची. आधी वाचन, मग चार दिवस तालीम, आणि मग स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर चित्रीकरण. म्हणजे जवळजवळ नाटकच. वर्षाकाठी पंचवीसेक भाग आणि उन्हाळ्यात सुट्टी. त्या सुट्टीत लॉरी सिनेमे करू शकायची, 'अंकल बक', 'जेएफके'. तुझी मालिका आठवड्याचे सहा दिवस दिसणार. सकाळी सातचा कॉल, बारा-तेरा तासांची शिफ्ट, सीनचे कागद सेटवर हातात पडणार, तालीम म्हणजे कॅमेरामन लाइट लावतोय तोवर दोनदा संवाद म्हणणं. टीआरपी घसरला की बहिणीचा ट्रॅक सगळ्यात आधी उडतो. मानधन नव्वद दिवसांनी. तेव्हा लॉरीनं केलं म्हणून तू कर, असं मी म्हणत नाहीये. तिनं मालिकेचा उपयोग कसा करून घेतला, तेवढंच उचल.

मालिकेनं तिला दिला पैसा, आणि त्या पैशातून मिळालं 'नाही' म्हणायचं स्वातंत्र्य. 1997 ला 'रोझॅन' संपल्यावर ती परत परत रंगमंचाकडे जात राहिली, आणि दर वेळी फुलं पडली असंही नाही. 2009 मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, नील सायमनचं 'ब्रायटन बीच मेम्वार्स' उघडलं आणि आठवड्याभरात बंद पडलं. त्याच्याच जोडीनं दुसरं नाटक यायचं होतं, ते तर लागलंच नाही. ज्या नटीचं घर त्याच धंद्यावर चालतं, ती अशा आपटीनंतर सहसा रंगमंचाकडे फिरकत नाही. लॉरी 2012 मध्ये लंडनला यूजीन ओनीलच्या नाटकातली मेरी टायरोन करत होती.

2016 मध्ये एकाच वर्षी तीन वेगवेगळ्या मालिकांसाठी तिला एमीची तीन नामांकनं होती. त्यातली 'होरेस अँड पीट' बघ. तिचा प्रसंग सुरू होतो आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून कितीतरी मिनिटं हलतच नाही. ती समोरच्या माणसाला काहीतरी सांगतेय, इतकंच. आपण तिच्या चेहऱ्यावरच्या बारीक हालचालींवरून समोरचा माणूस कसा ऐकत असेल ते ओळखत बसतो. डार्लीन करून बत्तीस वर्षं झाली होती, आणि त्यात कुठेही ती गंजलेली नाही.

पुढच्या वर्षी 'अ डॉल्स हाउस, पार्ट 2'. इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस'ची नोरा, जी अनंत काणेकरांच्या 'घरकुल'मधून मराठीतही येऊन गेली, नवऱ्याचं घर सोडून, दार लावून निघून गेली होती ना? ती पंधरा वर्षांनी परत येऊन तेच दार ठोठावते. लॉरी नोरा. मुख्य अभिनेत्रीची टोनी. तेव्हा ती एकसष्ट-बासष्टची. त्याच वर्षी 'लेडी बर्ड' आला, ग्रेटा गर्विगचा. त्यात ती आईच्या भूमिकेत. मुलगी दूर शिकायला निघालीय, दोघींचा अबोला आहे. पार्किंग महाग म्हणून ही विमानतळावर गाडीतून उतरतच नाही. एकटी गाडी फिरवत राहते. कॅमेरा गाडीत, तिच्या चेहऱ्यावर. एक वाक्य नाही. आधी ताठ मान, मग हनुवटीशी काहीतरी हलतं, मग चेहरा विरघळत जातो, ती गाडी वळवते, धावत आत जाते, आणि तोवर मुलगी गेलेली. ऑस्कर त्या वर्षी ॲलिसन जॅनीला मिळालं, असो.

2018 चा मार्च महिना तर माझा फार लाडका आहे. 4 तारखेला ऑस्करचा समारंभ. 27 तारखेला वीस वर्षांच्या खंडानंतर 'रोझॅन' परत सुरू झाली, पहिला भाग एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास लोकांनी पाहिला. आणि 29 तारखेला ब्रॉडवेच्या जॉन गोल्डन थिएटरमध्ये, जेमतेम आठशे खुर्च्यांच्या, एडवर्ड ऑल्बीच्या 'थ्री टॉल विमेन'चा शुभारंभ. मुख्य भूमिका ग्लेंडा जॅक्सनची, लॉरी सहायक. त्याचीही टोनी. आदल्या वर्षी नायिका म्हणून घेतली, या वर्षी दुय्यम म्हणून, आणि दोन्ही त्याच थिएटरातल्या कामासाठी. मेमध्ये रोझॅन बारनं वर्णद्वेषी ट्वीट केलं आणि मालिका रातोरात बंद झाली. ऑक्टोबरमध्ये नायिकेला वगळून तीच मालिका 'द कॉनर्स' नावानं सुरू झाली आणि 2025 पर्यंत चालली. नायिका गेली, बहीण राहिली! हे मी मुद्दाम तुझ्या शेवटच्या ओळीला उत्तर म्हणून लिहितेय, थोडी दुष्ट मजा वाटतेय म्हणूनसुद्धा.

तर माझं मत: मालिका घे. पण ग्रुप सोडायचा नाही या अटीवर. स्टेपनवुल्फला लॉरी आयुष्यभर धरून आहे. अगदी 2024 मध्येही ती शिकागोला त्याच कंपनीचं 'लिटल बेअर रिज रोड' हे नवीन नाटक करत होती, आणि पुढच्या वर्षी ते ब्रॉडवेवर गेलं. जिथे तुला 'मॅडम' म्हणत नाहीत आणि सरळ सांगतात की आज खोटं केलंस, अशी एक खोली हवीच. सेटवर तसं कुणी सांगणार नाही. त्यांना टेक ओके झाला की पुढच्या सीनची घाई.

बहिणीच्या कामात फक्त एक कर. सीनमध्ये तुला वाक्य नसेल तेव्हा नायिका काय म्हणतेय ते दर टेकला नव्यानं ऐक. एडिटरला कटसाठी रिॲक्शन लागतेच. खरं ऐकणारा चेहरा सापडला की तो तिथेच येऊन थांबतो.

आणि कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी मला फोटो पाठव. दोन गोष्टी बघायच्या आहेत. महिन्यातून प्रयोगासाठी किती दिवस सुट्टी देणार, हे तोंडी नको, लिहून हवं. प्रॉडक्शन मॅनेजर गोड बोलून "ॲडजस्ट करू ना" म्हणेल, तो सहा महिन्यांत बदलतो, कागद बदलत नाही. आणि मालिका चालू असेतो दुसरीकडे काम करायचं नाही हे कलम त्यात असेलच. त्यात 'रंगभूमी वगळून' एवढे दोन शब्द घालून घे. बहुतेक घालतात, आपण मागत नाही म्हणून राहून जातं. लूक टेस्ट बुधवारी आहे म्हणालीस, तर मंगळवारी रात्रीपर्यंत पाठव, मी जागी असते.

तुझी,
ताई