‘दिसायला बेताची आहे, निदान आवाजाचं तरी…’

‘माझी मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली, ६८ टक्के पडले. अभ्यासात लक्ष नाही. कपाटाचं दार उघडून गोधड्यांत तोंड खुपसून बसते आणि फोनवर वेगवेगळे आवाज काढून रेकॉर्ड करते. कॉलेजच्या एकांकिकेत अभिनयाचं दुसरं बक्षीस मिळालं, तेव्हापासून सिनेमात काम करायचं खूळ डोक्यात आहे. तिच्या वडिलांचं म्हणणं, बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षा द्याव्यात. मी तिच्या बाजूची आहे. पण ती दिसायला बेताची, सावळी आहे, दात थोडे पुढे आहेत. म्हणून मीच समजावलं की पडद्याचा नाद सोड, डबिंगमध्ये नुसता आवाज लागतो, तिथे तुला कोणी बघणार नाही. मुंबईत तीन महिन्यांचा कोर्स आहे, फी ८५ हजार, कामाची हमी देतात. एफडी मोडून पैसे भरावेत का?’
– एक आई, सांगली

ताई, नमस्कार.

एफडी मोडू नका. त्याचं कारण पुढे सांगते. त्याआधी मला तुमच्या एका वाक्याबद्दल बोलायचंय, कारण पत्र वाचून झाल्यावर तेच डोक्यात राहिलं: ‘तिथे तुला कोणी बघणार नाही.’

तुम्ही ते मायेपोटी बोललात, याबद्दल मला शंका नाही. लेकीला पुढे नकार ऐकावे लागू नयेत म्हणून आधीच तिला सावलीत बसवायचं, असा तुमचा विचार असणार. पण अठरा वर्षांच्या मुलीला त्यातून काय ऐकू आलं असेल? तिच्या वडिलांचा विरोध तिच्या निवडीला आहे. त्यांच्याशी ती भांडू शकते, त्यांना पटवू शकते, काही करून दाखवू शकते. तुमचा विरोध, नकळत का होईना, तिच्या चेहऱ्याला आहे. त्यावर तिने काय उत्तर द्यायचं?

एक विचारते. ती हसताना तोंडावर हात घेते का? ‘दात पुढे आहेत’ हे घरात ऐकत वाढलेल्या मुली नाटक शिकायला माझ्यासमोर बसतात, तेव्हा तो हात मला हमखास दिसतो. तो हसण्यापुरता राहत नाही. दात दिसू नयेत असं मनात बसलं की मुलगी बोलतानाही तोंड पुरतं उघडत नाही. ओठ ताठ राहतात, जबडा आवळलेला राहतो आणि आवाज आतच घुटमळतो. म्हणजे ज्या आवाजाच्या भरवशावर तुम्ही तिला डबिंगकडे पाठवायला निघालात, तोच त्या एका वाक्याने अडतो आहे. नाटकाच्या तालमीत अशा मुलीला पहिले कित्येक दिवस फक्त तोंड उघडायला शिकवावं लागतं.

रंगाचं म्हणाल, तर स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत होत्या. तिथून श्याम बेनेगलांच्या चित्रपटांत गेल्या, पुढे ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. प्रत्येक सावळी मुलगी स्मिता पाटील होते असं मी म्हणणार नाही. रंगावरून, दातांवरून कामं नाकारली जातात, आजही जातात, आणि या वाटेला लागली तर तिलाही ते ऐकावं लागेल. पण परक्याने ऑडिशनला नाकारणं वेगळं आणि घरूनच नकार घेऊन निघणं वेगळं. परक्याचा नकार पचवता येतो, कारण संध्याकाळी घरी येऊन कोणाला तरी सांगता येतं.

आता तुमचा गैरसमज, जो फक्त तुमचा नाही. आवाजाचं काम म्हणजे अभिनयाची मागच्या दाराची वाट, ज्याला चेहरा नाही त्याने तिकडे जावं, असं पुष्कळांना वाटतं. श्रेयस तळपदेंचं उदाहरण घ्या. २००५ साली आलेल्या ‘इक्बाल’मध्ये त्यांनी बोलू-ऐकू न शकणाऱ्या मुलाची भूमिका केली. अख्ख्या चित्रपटात त्यांना एकही संवाद नाही, सगळं काम डोळ्यांनी आणि अंगाने. २०२१ साली ‘पुष्पा’च्या हिंदी आवृत्तीत त्यांनी अल्लू अर्जुनना आवाज दिला. तिथे त्यांचा चेहरा एकदाही दिसत नाही आणि तरी लोक त्या संवादांवर फिदा झाले. दोन्ही कामं एकाच नटाची आहेत. माइकसमोर उभं राहिलं म्हणून अभिनय अर्धा होत नाही. उलट चेहऱ्याची मदत काढून घेतल्यावर जे उरतं, त्यातूनच सगळं पोचवावं लागतं.

हे मी जवळून पाहिलंय. माझी एक जुनी विद्यार्थिनी अंधेरीत डबिंग करते. एका दुपारी मी तिच्याबरोबर स्टुडिओत बसले होते. तिने बांगड्या आणि कानातले डूल बाहेरच काढून ठेवले होते, कारण माइक किणकिण पकडतो. अंगात सुती कुर्ता, कारण रेशमी कापडाची सळसळ ऐकू येते. आत जाण्याआधी तिने अर्धं सफरचंद खाल्लं. पोट रिकामं असलं तर त्याची गुरगुर रेकॉर्ड होते आणि सफरचंदाने तोंडाचा चिकटाही जातो. पडद्यावर एक बाई जिना धावत चढून बंद दाराशी येते. मराठी संवाद दोनच शब्दांचा: ‘उघड ना!’ त्याचे चौदा टेक झाले. आधी ओठ जुळेनात. ते जुळले तेव्हा डबिंग डायरेक्टर काचेपलीकडून म्हणाले, ‘जिना ऐकू येत नाहीये.’ मग ती अनवाणी, टाचा न टेकवता, माइकसमोर जागच्या जागी धावली. खरोखरच दम लागला तेव्हा बोलली आणि टेक ओके झाला. धाप, हुंदका, ठसका, आवंढा गिळणं, या सगळ्याला तिथे ‘एफर्ट्स’ म्हणतात. नव्या मुलांना बऱ्याचदा सुरुवातीला तेच आणि गर्दीतले आवाज मिळतात. ‘नुसता आवाज’ लागतो असं तुम्ही म्हणालात. त्या मुलीची पाठ घामाने भिजली होती.

आणि ओठ जुळवणं म्हणजे काय? प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात किंवा जवळ येतात. मूळ इंग्रजी संवादात ‘मनी’ असेल तर पडद्यावर आधी ओठ मिटलेले दिसतात. तिथे ‘पैसे’ बसतं, ‘रक्कम’ बसत नाही. संवाद लिहिणारा हे सांभाळतोच, पण ऐन वेळी शब्द फिरवायची वेळ आली तर कलाकाराची भाषा पक्की असावी लागते. तुमच्या लेकीने कपाटात काढलेल्या आवाजांना मी मुळीच हसत नाही. गोधड्यांत आवाज घुमत नाही हे तिने स्वतः शोधून काढलंय, यावरून ती किती गंभीर आहे ते कळतं. फक्त वेगवेगळे आवाज काढणं ही नक्कल झाली. एकाच आवाजात पाच वेगवेगळी माणसं उभी करता येतात का, ते तिने आता करून पाहावं.

‘आवाज गोड आहे’ हेही भांडवल धरू नका. १९९८च्या ‘गुलाम’मध्ये राणी मुखर्जींचा घोगरा आवाज चालणार नाही म्हणून त्यांचे संवाद मोना घोष शेट्टी यांच्याकडून डब करून घेतले. त्याच वर्षी ‘कुछ कुछ होता है’मध्ये तोच घोगरा आवाज ठेवला आणि लोकांना आवडला. ‘बाहुबली’च्या हिंदी आवृत्तीत प्रभासना आवाज देणारे शरद केळकर एकेकाळी बोलताना अडखळत असत, हे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलंय. आवाज घडवता येतो. नेमका कोणता आवाज कधी चालेल, हे मात्र आधी कोणी सांगू शकत नाही.

म्हणूनच त्या कोर्सच्या ‘हमी’बद्दल स्पष्ट सांगते: हमी खोटी आहे. आवाजाची निवड त्या त्या कामापुरती, चाचणी घेऊन होते. ती डबिंग डायरेक्टर आणि काम देणारी कंपनी करते, शिकवणारा क्लास करत नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या वडिलांनी अशाच हमीवर पैसे भरले होते. मुलाला मिळालं काय, तर एक सर्टिफिकेट आणि पेन ड्राइव्हमध्ये दीड मिनिटाचा डेमो, म्हणजे आवाजाचा नमुना. तो डेमो घेऊन तो आठ महिने स्टुडिओंच्या दारात उभा राहिला. स्वतः रोज काम करणाऱ्या डबिंग डायरेक्टरांच्या चांगल्या छोट्या कार्यशाळा असतात. तिथे तिने जरूर जावं, पण दोन वर्षांनी. आज तिच्याकडे घासूनपुसून घ्यायला अनुभवच नाही.

तो कुठे मिळेल? ताई, तुम्ही सांगलीत राहता! १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक केलं ते तुमच्याच गावात. तीन महिन्यांसाठी मुंबईत खोली घेण्याआधी तिला भावे नाट्यमंदिराचा रस्ता दाखवा. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्था तुमच्या भागात आहेत. तालमीला माणसं कमी पडतात, विशेषतः मुली. सुरुवातीला प्रॉम्पटिंग, म्हणजे विंगेतून नटांना विसरलेले संवाद सांगणं, करावं लागेल, कपडे इस्त्री करावे लागतील, करू दे. कॉलेज निवडताना कटऑफ बघण्यापेक्षा तिथे एकांकिका बसते का, ते विचारा. सांगलीला आकाशवाणी केंद्र आहे. तिथे युवकांच्या कार्यक्रमांसाठी, पुढे नभोनाट्यासाठी चाचणीला बसता येतं. पैसे थोडे मिळतील, पण रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागल्यावर घसा कोरडा न पडता बोलायची सवय होईल.

पदवीबाबत वडिलांचं बरोबर आहे, पण कारण वेगळं. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षण संस्थेचा अभिनयाचा कोर्स, दोन्हीकडे पदवी लागते. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी हेही रस्ते आहेत. बी.कॉम.च करायचं असेल तर करू दे. हिशेब येणारी नटी मला तरी फार थोडी भेटली आणि या धंद्यात हिशेब यावा लागतो. काम आज केलं तरी पैसे यायला तीन-तीन महिने लागतात. एखाद्या महिन्यात दहा कामं येतात आणि पुढचे दोन महिने कोरडे जातात. मुंबईला जाईल तेव्हा निदान सहा महिन्यांचं भाडं हाताशी असायला हवं. तुमची ती एफडी तेव्हासाठी ठेवा.

भाषेचं एक काम मात्र तिने आजपासून करावं. साउथचे चित्रपट आता मराठीत डब होतात, तरी मोठं काम अजून हिंदीतच आहे. आपण मराठी माणसं हिंदी बोलताना ‘और’चं ‘अउर’ आणि ‘मैं’चं ‘मइं’ करतो, ‘ज़’ आणि ‘फ़’ विसरतो. रोज वीस मिनिटं हिंदी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं, रेकॉर्ड करायचं आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचं. आणि सांगलीची बोली घालवू नका. प्रमाण मराठी तिला यायला हवी, पण सांगलीच्या बाईचा आवाज हवा असेल तेव्हा तो तिच्याच तोंडून यावा.

एआयची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण मला आहे. आवाजाची हुबेहूब नक्कल आता यंत्र करतं. २०२४मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा वापराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला. नवख्या मुलीसाठी कोर्टात कोण उभं राहणार? ‘घरबसल्या वाक्यं वाचा, पैसे मिळवा’ असं सांगून तासन्‌तास आवाज मागणाऱ्या ॲपवर तिने काही देऊ नये, आणि आवाजाचे सगळे हक्क कायमचे लिहून घेणाऱ्या कागदावर सही करू नये. एवढं आजच सांगून ठेवा.

शेवटी एक काम तुमच्यासाठी. तुमच्या पत्रात तिला सिनेमात काम करायचंय, डबिंग तुम्ही काढलंत. तिला विचारा, तुझं काय? विचारण्याआधी ते वाक्य मागे घ्या. ‘मी चुकीचं बोलले’ एवढं पुरे, स्पष्टीकरण नको. मग रोज दुपारी कुकर लावायच्या आधी, पंखा बंद करून, तिच्यासमोर बसा. संवाद एकट्याने म्हणता येत नाही, समोरच्या पात्राची वाक्यं कोणीतरी वाचावी लागतात. ती तुम्ही वाचा. आणि वाचताना तिच्या तोंडाकडे बघा. हात वर गेला तर काही बोलू नका, पुढचं वाक्य वाचा.