माकडताप अमेरिकेने सोडलेला जंतू आहे का? सरकारं खरंच जंतूंची शस्त्रं बनवत होती का?

पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. पण पहिली अफवा शुद्ध वेडेपणातून आलेली नाही.

आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागातली माणसं काजूच्या हंगामात गोव्याकडं, दोडामार्गाकडं कामाला जातात. २०१६ साली दोडामार्गात माकडतापाची साथ आल्यापासून ‘हा बाहेरून सोडलेला रोग’ हे वाक्य चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येतं.

माकडतापाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात सापडला. माकडं पटापट मरत होती, माणसंही तापाने पडत होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला आधी पीतज्वराची (यलो फीवर) धास्ती वाटली. निघाला तो गोचिडीतून पसरणारा, रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद. मग सैबेरियाचा हा सोयरा सह्याद्रीत आला कसा? स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून तर नव्हे? हे तपासायला सलीम अलींच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत वाळी घालण्याचं काम काढलं, आणि पुढं काही वर्षं त्याला पैसा आला तो अमेरिकी लष्कराकडून. संशयाचं मूळ हे. १९७४ मध्ये पीटीआय या वृत्तसंस्थेने प्रकरण बाहेर काढलं, १९७५ साली संसदेच्या लोकलेखा समितीने अशा परदेशी प्रकल्पांवर ताशेरे ओढले आणि दिल्लीत अमेरिकी पैशावर चाललेला डासांवरचा प्रकल्प गुंडाळला गेला.

अशा कामांआड जंतुयुद्धाची तयारी असावी, ही समितीची शंका हवेतली नव्हती. अमेरिकेत मेरीलँडच्या कँप डेट्रिकमध्ये १९४३ पासून जंतूंची शस्त्रं बनवण्याचं काम चालू होतं. १९५० च्या दशकात त्यांच्या लष्कराने जॉर्जियात ईडिस डास (पीतज्वर, डेंग्यू पसरवणारी जात, पण सोडलेले रोग नसलेले) सोडून ते कुठवर पोचतात, किती चावतात हे पाहिलं. दिल्लीच्या प्रकल्पातही ईडिस होताच! राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९६९ मध्ये हल्ल्यासाठीचं संशोधन बंद केलं.

बाकीचेही धुतल्या तांदळाचे नव्हते. ब्रिटनने १९४२ साली स्कॉटलंडच्या ग्रुइनार्ड बेटावर मेंढ्यांवर अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू सोडले. ते बेट १९९० पर्यंत निर्धोक ठरलं नाही. जपानी लष्कराच्या युनिट ७३१ या जंतुयुद्धाच्या तुकडीने चीनमधल्या मंचुरियात जिवंत कैद्यांवर प्रयोग केले, आणि युद्धानंतर अमेरिकेने माहितीच्या बदल्यात त्यांचा प्रमुख शिरो इशी याला खटल्यातून वाचवलं. मला सगळ्यात किळसवाणं वाटतं ते हेच. सोव्हिएत संघाने तर जंतूंच्या शस्त्रांवरच्या १९७२ च्या बंदी करारावर सही करून मग कारखाने वाढवले. बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत ज्या देवीची लस तयार व्हायची, त्याच देवीचा १९६७ साली भारतात मिळालेला वाण सोव्हिएतांनी शस्त्रासाठी निवडला, असं त्या कार्यक्रमातले बडे अधिकारी केन अलिबेक यांनी अमेरिकेत गेल्यावर सांगितलं.

तरी माकडताप प्रयोगशाळेतला नव्हे. त्याचा अगदी जवळचा नातलग पुढं सौदी अरेबियात सापडला. दोघांची जनुकं ताडून पाहिली तर त्यांची फारकत शेकडो वर्षांपूर्वीची निघते, म्हणजे तेव्हा कुणाची प्रयोगशाळाच नव्हती. पक्ष्यांनी तो सैबेरियातून आणल्याचंही सिद्ध झालं नाही.

रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, तालुक्याच्या आरोग्य खात्याला कळवा. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात, आणि मग सापडतो तो लाकडाफाट्याला गेलेला माणूस.