कार्डिनल असलेला राजा लग्न करू शकतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्लॉरेन्सचा फर्दिनांदो मेदिची कार्डिनल (पोपच्या सल्लागार मंडळातला मानकरी) होता, तरी भावाच्या मागे ग्रँड ड्यूक झाला, लग्नही केलं. मग पोर्तुगालच्या कार्डिनल-राजा एन्रिकला तीच मुभा का मिळाली नाही?

घोळ 'कार्डिनल' या शब्दात आहे. आपण ती बिशपच्या वरची पायरी समजतो. त्या काळी राजघराण्यांच्या लेखी तो मान होता, जवळजवळ जहागिरीसारखा. टाळूवरचे थोडे केस कापून चर्चच्या सेवेत नाव दाखल झालं की पुष्कळ काम व्हायचं (आपल्याकडे मुंजीत शेंडी ठेवायची, तिकडे नेमकी तिथेच कात्री). धर्मगुरूची दीक्षा घ्यायला राजपुत्रांना सूट मिळत राही. थोरल्याला गादी, धाकट्याला चर्च, म्हणजे दौलतीच्या वाटण्या टळल्या आणि वर धर्मप्रांताचा महसूल घरात. याचं टोक बघायचं तर स्पेनचा राजपुत्र लुईस: १७३५ मध्ये कार्डिनल झाला तेव्हा वय वर्षं आठ! टोलेडोसारख्या गबर धर्मप्रांताचं उत्पन्न त्याच्या नावे. १७५४ मध्ये त्याने सगळं सोडलं, १७७६ मध्ये लग्न केलं. आणि त्याचा मुलगा? तोही पुढे टोलेडोचा कार्डिनल.

फर्दिनांदो याच जातीचा. दीक्षा कधी घेतलीच नव्हती. १५८७ मध्ये भाऊ वारला, याने कार्डिनलची लाल टोपी परत केली आणि १५८९ मध्ये लोरेनच्या क्रिस्टीनाशी लग्न लावलं. मोडायला ब्रह्मचर्याची शपथच नव्हती.

एन्रिकची गोष्ट वेगळी. तो खरोखरच दीक्षित धर्मगुरू होता. ब्रागा, एव्होरा, लिस्बन असा आर्चबिशप राहिलेला. १५३९ पासून पोर्तुगालच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंड्यांवर खटले चालवणाऱ्या धर्मन्यायालयाचा, प्रमुख. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन बसलं ते याच्याच कारकिर्दीत. ऑगस्ट १५७८ मध्ये चोवीस वर्षांचा राजा सेबास्तियाव मोरोक्कोत अल्कासर-किबीरच्या लढाईत पडला. बायको नाही, मूल नाही. गादी आली ती त्याच्या आजोबांच्या भावाकडे, म्हणजे सहासष्ट वर्षांच्या एन्रिककडे. म्हाताऱ्याने पोपकडे विनंती केली: मला शपथेतून मोकळं करा, लग्न करून वारस देतो.

पोप तेरावा ग्रेगरी. त्याने परवानगी दिली नाही. दीक्षा आड आली हे खरं, पण मला तरी ते अर्धंच कारण वाटतं. स्पेनचा दुसरा फिलिप हा एन्रिकच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, गादीचा तगडा दावेदार. मामाला मूल झालं की भाच्याचा हक्क संपला, आणि रोममध्ये स्पेनचं वजन किती होतं ते वेगळं सांगायला नको. ३१ जानेवारी १५८० ला, नेमक्या अडुसष्टाव्या वाढदिवशी, एन्रिक गेला. १५८१ मध्ये तोमार इथे भरलेल्या पोर्तुगालच्या प्रतिनिधींच्या सभेने फिलिपला राजा मानलं. तेव्हापासून १६४० पर्यंत गोव्याचाही राजा स्पेनचाच; कारभार मात्र पोर्तुगीजांच्या हाती राहिला.

आता गंमत बघा. त्या फिलिपचा भाचा आल्बर्ट १५७७ पासून कार्डिनल. पोर्तुगाल जिंकल्यावर तिथला कारभार फिलिपने दहा वर्षं याच्याकडेच दिला, पुढे टोलेडोचं आर्चबिशपपदही. मग लेकीसाठी, इसाबेलसाठी, स्थळ बघायची वेळ आली तेव्हा हाच कार्डिनल जावई म्हणून पसंत पडला. धर्मगुरूची दीक्षा झालेली नव्हती, त्यामुळे १५९८ मध्ये टोपी उतरवणं सोपं गेलं. मुलगी सख्ख्या मामाची, म्हणजे आपल्याकडे हक्काची, पण चर्चच्या नियमात निषिद्ध नातं. त्यासाठी वेगळी परवानगी लागली. ती मिळाली, आणि इटलीतल्या फेर्रारात वधूच्या गैरहजेरीत प्रतिनिधीमार्फत लग्न लागलं ते खुद्द पोप आठव्या क्लेमेंटच्या हस्ते.