‘घेतात, पण बाळ करतात’

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे. बालवाडीतून आली की सांगते, ‘त्या मला खेळायला घेत नाहीत.’ कधी घेतलंच तर तिला बाळ करतात आणि झोपून राहायला लावतात. ताई म्हणतात, मुलांचं मुलांना सोडवू द्या. मी काय करू?

उत्तर : चादरीखाली झोपवलेलं हे बाळ मी बालवाडीत वर्षानुवर्षं पाहिलंय. बाकीच्या स्वयंपाक करतात, भांडतात, ऑफिसला जातात. बाळानं नुसते डोळे मिटायचे. लांबून बघणाऱ्याला वाटतं, घेतलंय की हिला! पण ती लिंबूटिंबूच असते, आणि ते तिला पक्कं ठाऊक असतं. तुमच्या मुलीची तक्रार खरी आहे.

त्या मुली दुष्ट आहेत असं मात्र मनात आणू नका. विल्यम कोर्सारो हे समाजशास्त्रज्ञ बालवाड्यांत मुलांमध्ये जमिनीवर बसून निरीक्षण करत. ‘तू नाही’ म्हणणारी मुलं बऱ्याचदा कुणावर रागावलेली नसतात, रंगात आलेला खेळ मोडू नये म्हणून ती धडपडत असतात, असं त्यांना दिसलं. शिकागोच्या शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी तर ‘तू खेळायचं नाहीस असं कुणी म्हणायचं नाही’ असा नियमच वर्गात केला आणि १९९२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. मला तो नियम पटतो. पण नियमानं आत शिरता येतं. आत गेल्यावर काम कोणतं मिळणार, हे नियम ठरवत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा ठोकळ्यांच्या दुकानाशेजारी रोज उभा राहायचा. ‘मी येऊ?’ की लगेच ‘जागा नाही!’ एकदा मी त्याच्या हातात रिकामं खोकं दिलं आणि कानात सांगितलं, ‘विचारू नकोस, माल आलाय म्हण.’ तो गेला. दुकानदारीणबाईंनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘इकडे ठेव. उद्या लवकर आण.’ दुसऱ्या दिवशी तो सकाळपासून खोकं शोधत होता.

घरी तुम्ही दुकानदार व्हा, तिला माल आणू द्या. कधी डॉक्टर, कधी नळ दुरुस्त करणारी होऊ द्या. बाळ तुम्ही व्हा. ताईंना पुन्हा भेटा. ‘तिला घ्यायला सांगा’ एवढंच म्हणू नका. आठवडाभर रोज कोण बाळ होतं, तेवढं बघायला सांगा. पाचही दिवस तीच निघाली, तर ते मुलांवर सोडून चालणार नाही. ताईंनी स्वतः त्या खेळात जाऊन बसायला हवं. आणि मला कळवा, ती उठून बसली का ते.