नोकरी सांभाळून बी.एड. : आधी रजेचं गणित मांडा

प्रश्न : वय 34, राहायला ऐरोलीत. बी.ई. (इलेक्ट्रॉनिक्स), 61 टक्के. महापेला आयटी कंपनीत नोकरी. आता शाळेत गणित-विज्ञान शिकवायचंय, पण घराचा हप्ता चालू असल्याने दोन वर्षं बिनपगारी काढता येणार नाहीत. परराज्यातल्या एका बी.एड.ची जाहिरात व्हॉट्सअॅपवर आलीय : ‘हजेरीची अट नाही, फक्त परीक्षेला या.’ प्रवेश घेऊ का?

उत्तर : ताई, ती जाहिरात आधी डिलीट करा.

एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) 2014 च्या नियमांप्रमाणे बी.एड. दोन वर्षांचं आहे. वर्षाला 200 दिवस, आठवड्याला किमान 36 तास, वर्गात 80 टक्के हजेरी आणि शाळेतल्या आंतरवासितेला (इंटर्नशिपला) 90 टक्के. बिनहजेरीची पदवी हातात पडेलही, पण कागदपत्रं तपासताना त्याच तारखांचा पीएफ आणि अनुभवाचा दाखला समोर आला की खुलासे देता देता नाकी नऊ येतात. दूरस्थ बी.एड.चं दारही तुम्हाला बंद आहे. ते प्रशिक्षित सेवेतल्या शिक्षकांसाठी किंवा डी.एल.एड.सारखं (प्राथमिक शिक्षणाची पदविका) प्रशिक्षण आधी झालेल्यांसाठी असतं.

एक वर्षाच्या बी.एड.बद्दल ऐकलं असेल. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या पदवीवाल्यांसाठी ते सुचवलंय, म्हणजे बी.ई.वाल्यांना आशा वाटणारच. पण प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत ते दिसेपर्यंत त्याच्या भरवशावर हप्ते मोजू नका.

नोकरी करणाऱ्यांसाठी हजेरीचे नियम जरा सैल व्हायला हवेत, असं कुणी म्हटलं तर ते मलाही पटतं. मानसशास्त्र, मूल्यमापन हे विषय संध्याकाळी सातलाही शिकवता येतील. आंतरवासितेचे शाळेतले 20 आठवडे (पहिल्या वर्षी 4, दुसऱ्या वर्षी 16) मात्र कापू नयेत. सहावीतलं पोर 1/2 + 1/3 = 2/5 असं लिहितं. इंजिनिअर लाल फुली मारून समच्छेदाची रीत दाखवतो. पोर मान डोलावतं आणि दुसऱ्या दिवशी 1/4 + 1/5 = 2/9 लिहून आणतं. त्याला अपूर्णांक ही एक संख्या वाटतच नाही, वर-खाली दोन सुटे आकडे दिसतात. ‘2/5 अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?’ असं विचारून कागदाच्या पट्टीला घड्या घालायला लावल्या, तर गाडी रुळावर येते. हे सुचायला वर्गात उभं राहावं लागतं, तेही मागच्या बाकावर मार्गदर्शक निरीक्षणवही घेऊन बसलेले असताना.

आता तुमचं. बी.ई.ला 55 टक्क्यांची अट आहे, ती तुम्ही पार करता. राज्याची बी.एड. सीईटी (प्रवेश परीक्षा) 100 प्रश्नांची, 90 मिनिटांची. चुकीला गुण कापत नाहीत. यंदाची चुकवू नका, कारण शासकीय भरतीत खुल्या प्रवर्गाला 38 वर्षांची मर्यादा आहे. जागा पक्की होईपर्यंत राजीनामा नको, पण नोटीस 90 दिवसांची असेल तर पैसे भरून लवकर सुटता येतं का, हे एचआरला आत्ताच विचारा. बरेच जण इथेच अडकतात : जागा मिळते, कंपनी सोडत नाही, आणि पहिल्याच सत्रात हजेरी घसरते.

कॉलेज निवडताना फीच्या आधी तीन गोष्टी विचारा : ते 16 आठवडे नेमक्या कोणत्या महिन्यांत येतात, सरावाच्या शाळा ठाणे-वाशी पट्ट्यात आहेत की लांब, आणि तास सकाळचे की दुपारचे. सकाळचे असतील तर कंपनीकडे दुपारनंतरचं अर्धवेळ काम मागून पाहता येईल. आंतरवासितेत मात्र तेही जमणार नाही. पाठ टाचण आणि शैक्षणिक साधनं करण्यातच संध्याकाळ जाते. त्या चार महिन्यांचे हप्ते आधीच बाजूला काढून ठेवा.

बी.एड.वर पहिली ते पाचवीला शिकवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निकालाने ते स्पष्ट झालंय. सहावी ते आठवीसाठी टीईटी (राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा) किंवा सीटीईटीचा (केंद्राची तीच परीक्षा) दुसरा पेपर लागतो, 150 पैकी 90 गुण. सीटीईटी बी.एड. चालू असतानाही देता येते आणि तिचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. तेव्हा ती पहिल्या वर्षीच उरकून टाका, दुसऱ्या वर्षी आंतरवासितेपुढे वेळ मिळणार नाही.