खांदा कोण देणार?

प्रिय पोरी,

तुझं पत्र आणि सोबतचं तुझ्या अद्भुतकथेचं प्रकरण, दोन्ही वाचलं. राणीच्या अंत्यविधीवर तू पानंच्या पानं लिहिलीस आणि तरी वाचणाऱ्याला ते नाटकातल्यासारखं का वाटतं, असं विचारतेस. आणखी दोन देव आणि एक स्तोत्र घातलं तर जमेल का, हा तुझा पुढचा प्रश्न. नाही जमणार. देव भरपूर झालेत. निळी ज्वाळा आहे, शंख आहेत, सात स्वर्गांची दारं आहेत. प्रेत मात्र कुठेच नाही. राणीचा देह शेजघरातून चितेपर्यंत पोचला कसा? खांदा कोणी दिला?

हाच प्रश्न मी तुला पुन्हा पुन्हा विचारणार आहे. कंटाळलीस तरी.

माणूस गेल्यावर काही तासांत शरीर ताठायला लागतं. पापण्या आणि जबडा आधी. म्हणून डोळे मिटायचे, हनुवटी बांधायची ती लगेच. अर्ध्या दिवसात सगळं अंग कडक होतं आणि दीड-दोन दिवसांनी पुन्हा सैल पडतं. तुझ्या जगातली माणसं माणसंच असतील, तर त्यांचंही हेच होणार. तुझी राजकन्या दुसऱ्या दिवशी पोचते. आईच्या मुठीत अंगठी आहे आणि मूठ उघडत नाही. तुझ्याच कथेत हा प्रसंग समोर पडला होता, आणि तू तिथे स्तोत्र घातलंस! मला राग आला तो याचा.

विधी आधी देहाला उत्तर देतो, मग देवाला. तिबेटमधला आकाशविधी घे. जमीन खडकाळ आणि गोठलेली, जळणाला लाकूड दुर्मिळ, म्हणून देह गिधाडांना द्यायचा. त्याला बौद्ध दानाचा अर्थ आहे, आणि तो अर्थ खराच आहे. पण डोंगरावर देह नेऊन, तो कापून, हाडं कुटून सत्तूच्या पिठात कालवणारे हातही आहेतच. तू फक्त गिधाडं पाहतेस, हात पाहत नाहीस. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचे तोराजा लोक गेलेल्या माणसाला महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं घरात ठेवतात. अंत्यविधी होईपर्यंत तो आजारीच मानला जातो, त्याला जेवण दिलं जातं. यामागे माया आहे, श्रद्धा आहे. आणि बळीसाठी रेडे जमवायचे असतात, लांबचे नातेवाईक यायचे असतात, पैसा उभा करायचा असतो, हेही आहे. ही दोन कारणं एकमेकांत इतकी विणली गेली आहेत की घरातल्या माणसालाही ती वेगळी काढता येणार नाहीत. असं विणकाम हवंय मला तुझ्याकडून.

आता तुझ्या खाजणातल्या लोकांकडे ये. खांबांवरची घरं, दोन वेळची भरती, सगळीकडे खारा चिखल. आणि तू चिता पेटवलीस! लाकूड कुठून आणलंस? इथून सुरुवात कर. समज, मूल जन्मलं की त्याच्या चितेसाठी त्याच्या नावाचा एक ओंडका छताला टांगतात. तो धुराने काळा होत जातो, मूल त्याच्याखाली वाढतं, लग्न होऊन गेलं तर ओंडका होडीत घालून सोबत जातो. ज्या हिवाळ्यात खायला काही नसतं त्या हिवाळ्यात गरीब घर आजोबांचा ओंडका चुलीत घालतं. मग आजोबा त्या घरात पुढची वर्षं कसे वावरतात? परका माणूस किनाऱ्याला लागून मेला तर कोणाचं छत रिकामं करायचं? एका लाकडाच्या प्रश्नातून तुला कर्ज मिळालं, अपमान मिळाला, नवरा-बायकोचं भांडण मिळालं. सात स्वर्गांनी यातलं काय दिलं होतं?

मी हे इतक्या हट्टाने का सांगते, तेही ऐक. माझ्या पहिल्या कादंबरीत प्रेतं धुणाऱ्या बायकांचं एक प्रकरण होतं. गाव त्यांना वेशीच्या आत राहू देत नव्हतं आणि त्यांच्यावाचून गावातलं एकही मरण पार पडत नव्हतं. धुतलेलं पाणी कुठल्या वाटेने वाहू द्यायचं यावरून दोन वाड्यांचं पिढ्यांचं वैर होतं. प्रकाशक म्हणाले, हे काढा, अद्भुतकथा वाचणाऱ्याला किळस नको असते. मी काढलं नाही. हस्तलिखित परत आणलं आणि ती कादंबरी छापली गेलीच नाही. हळहळ वाटते, अजूनही वाटते. लोक म्हणतात, थोडं नमतं घेतलं असतं तर नाव झालं असतं. झालंही असतं कदाचित. पण त्या बायका काढल्या असत्या तर उरलं काय असतं? राजवाडा आणि शंख. आजही कोणी विचारलं तर मी तेच करीन, आणि तूही तेच करावंस असं मला मनापासून वाटतं. पोटाचं काय, हे तू विचारशील. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

एक गोष्ट राहिली. तुझे विधी कधी मोडतच नाहीत. हजार वर्षं तेच, तसंच. खऱ्या जगात काय झालं बघ. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे भारतातली गिधाडं मेली. औषध दिलेली जनावरं मेल्यावर गिधाडं ती खायची आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. पारशी समाजाच्या दखम्यांवर, म्हणजे देह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवायच्या बुरुजांवर, गिधाडं येईनाशी झाली. देह सुकवायला सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवले गेले, काहींनी दहन स्वीकारलं, काहींना ते मुळीच मान्य नव्हतं. धर्म तोच, प्रार्थना त्याच, माणसंही तीच. गुरांच्या गोठ्यातल्या एका सुईने शतकानुशतकांच्या रीतीपुढे प्रश्न उभा केला. तुझ्या खाजणात छताच्या ओंडक्यांना कीड लागली तर? विचार कर.

राणीला सध्या बाजूला ठेव. तिच्या दासीचं मरण आधी लिही. ती परगावची, तिच्या नावाचा ओंडका कुठल्याच छताला नाही, आणि मेली ती भर पावसात, मध्यरात्रीच्या भरतीला. तिला घरातून होडीत कोण उतरवतं ते मला वाचायचंय. पाच पानांत बसव. पंधरवड्याने पाठव, मी वाट बघते आहे.

तुझ्या
बाई