लहान मुलांना ब्लॉकच्या डायनासोरचं प्रदर्शन दाखवायला न्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सुट्टीत सोलापूरहून इंग्लंडला भावाकडे जाताय, तिथल्या संग्रहालयात लेगोसारख्या, एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या ब्लॉकचे डायनासोर मांडलेत, सोबत सहा वर्षांची मुलगी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा आहे. एवढं तिकीट काढून न्यावं, की ही नुसती खेळण्यांची जाहिरात आहे?

जरूर न्या. पण घाईत दाखवून बाहेर काढू नका, आणि जाण्याआधी इथे सोलापुरात दोन-तीन गोष्टी करून जा.

मीही सोलापूरचाच. 34 वर्षं चादरीच्या कारखान्यांसाठी ग्राफ काढण्यात गेली. जॅकार्ड मागावरच्या चादरीत जो मोर उमटतो, तो आधी चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरून काढावा लागतो. त्या ग्राफवरून पुठ्ठ्याची कार्डं पंच होतात, आणि कार्डात भोक आहे की नाही त्यावर उभा धागा वर उचलला जाणार की खाली राहणार हे ठरतं. आता बरंचसं काम कॉम्प्युटरवर गेलं, पण चौकोन भरणं काही सुटलं नाही. मुलगा तिकडे नोकरीला आहे, म्हणून मागच्या उन्हाळ्यात दोन महिने त्याच्याकडे होतो. तेव्हा सात वर्षांची नात आणि तीन वर्षांचा नातू यांच्याबरोबर एका लहान शहरातल्या संग्रहालयात असंच प्रदर्शन पाहिलं.

दारातून आत शिरलो तेव्हा समोर लांब मानेचा हिरवा डायनासोर होता. मान गोल, पाठ गोल, शेपटीला छान बाक. पाच-सहा पावलं पुढे गेलो आणि तो बाक मोडला. सगळ्या पायऱ्याच पायऱ्या! मी तिथेच थांबलो. हे माझं रोजचं काम होतं. चादरीवरच्या मोराची मान लांबून वळलेली दिसते, डोळ्याजवळ धरली की ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. चौकोनातून बाक काढायचा म्हणजे तीन घरं आडवी, एक उभं, मग दोन आडवी, एक उभं, मग एकास एक, असं मोजत जायचं. नातीला मी पुन्हा दाराशी नेलं आणि म्हटलं, आता हळूहळू पुढे चल आणि कुठल्या पावलाला गोल मोडतो ते सांग. तिने तो खेळ प्रत्येक प्राण्यापुढे केला. तुमच्या मुलीला हे नक्की करायला लावा. घरातली सोलापुरी चादर जाण्याआधी अंगणात वाळत टाका आणि तिच्यावर आधी सराव करून घ्या. तिकडे गेल्यावर तिला काही समजावून सांगायची गरज पडणार नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे. आमच्या ग्राफला एक अडचण असते: उभे धागे आणि आडवे धागे एका इंचात सारखे बसत नाहीत, म्हणून ग्राफचं घरसुद्धा त्या प्रमाणात लांबट घ्यावं लागतं. साध्या चौरस कागदावर काढलेला मोर कापडावर चपटा किंवा ताणलेला येतो. ब्लॉकचंही तसंच आहे. ब्लॉकच्या वर जी गोल बटणं असतात, त्यातल्या शेजारच्या दोघांच्या मध्यांमधलं अंतर 8 मिलिमीटर, आणि ब्लॉकची उंची 9.6 मिलिमीटर. म्हणजे घर चौरस नाहीच. पाच ब्लॉक एकावर एक रचले की 48 मिलिमीटर होतात, आणि सहा बटणांची रुंदीही 48. हे प्रमाण सांभाळलं नाही तर डायनासोरचा गोल डोळा अंड्यासारखा होईल. शिवाय ब्लॉकच्या एक तृतीयांश उंचीच्या पातळ पट्ट्या मिळतात, 3.2 मिलिमीटरच्या. त्या वापरल्या की पायऱ्या इतक्या बारीक होतात की पाठ जवळजवळ गुळगुळीत दिसते. तिथल्या प्राण्यांची तोंडं नीट पाहा. नाकपुडीपाशी, पापणीपाशी पट्ट्या असतात, काही ठिकाणी ब्लॉक आडवे करूनही बसवतात, आणि पोटाला मात्र सरळ मोठे ब्लॉक. कारागिराने कुठे कष्ट घेतले ते तिथे कळतं.

मोठ्या आकृत्या सहसा आतून पोकळ असतात. वजन पेलायला पोलादी सांगाडा घालतात आणि ब्लॉक गोंदाने चिकटवतात, त्यामुळे मुलांना हात लावू देत नाहीत. हे आधीच सांगून ठेवा. आमच्या नातवाला ते कळेना. हात पुढे केला की कुणीतरी थांबवायचं, शेवटी तो जमिनीवर बसून रडला. मग सून त्याला घेऊन ब्लॉक खेळायच्या टेबलाशी गेली आणि तिथून तो उठायलाच तयार नव्हता. साडेतीन वर्षांच्या मुलासाठी तेच टेबल हे खरं प्रदर्शन आहे असं समजा. त्याला आधी तिथे बसवा, हात भरून खेळू द्या, मग कडेवर घेऊन फिरवा. आम्हाला सगळं मिळून दोन तास लागले, त्यातला निम्मा वेळ त्या टेबलावर गेला.

जाहिरातीचं म्हणाल, तर लेगो ही कंपनी आहे, खेळणी विकणारच. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात 1932 साली एका सुताराने ती सुरू केली. आज आपण पाहतो त्या जोडणीचं पेटंट 28 जानेवारी 1958 चं, आणि तेव्हाचा ब्लॉक आजच्या ब्लॉकला बसतो. आमच्याकडे जुन्या मागाचा सुटा भाग नव्या मागाला बसत नाही म्हणून किती खोळंबा व्हायचा, त्यामुळे मला याचं फार मोल वाटतं. आठ बटणांचे एकाच रंगाचे सहा ब्लॉक घेतले तर ते 91 कोटी 51 लाख 3 हजार 765 प्रकारे जोडता येतात. नेथन सवाया या अमेरिकन कलाकाराने टी. रेक्स या मांसाहारी डायनासोरचा सुमारे 6 मीटर लांबीचा सांगाडा केला, त्याला 80 हजारांहून जास्त ब्लॉक लागले. हे काम विक्रीच्या पलीकडचं आहे.

आता डायनासोरबद्दल. ब्लॉकची आकृती पाहून मुलांच्या मनात मापाचा घोटाळा होतो, कारण सगळे प्राणी खोलीत मावतील एवढेच करावे लागतात. त्यावर उपाय इथेच आहे. एकदा एसटी स्टँडवर मुलीला घेऊन जा आणि एका बसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवा. टी. रेक्स साधारण 12 मीटर, म्हणजे जवळपास तेवढाच. मग प्रदर्शनात तिच्या गुडघ्याएवढा टी. रेक्स दिसला तरी तिला खरं माप ठाऊक असेल. दुसरा घोटाळा काळाचा. स्टेगोसॉरस आणि टी. रेक्स शेजारी शेजारी उभे करतात, मुलांना वाटतं ते एकमेकांशी भांडत असतील. स्टेगोसॉरस सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा, टी. रेक्स 6 कोटी 80 लाख ते 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. टी. रेक्स हा स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा! हे ऐकून माझ्या नातीने तीन वेळा "खरंच, आजोबा?" विचारलं.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. तिकडच्या प्रदर्शनात बहुतेक अमेरिकेचे, चीनचे प्राणी होते. मुलांना वाटतं डायनासोर म्हणजे परदेशातली गोष्ट. तुमच्या मुलांना तसं वाटू देऊ नका. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला लांब मानेच्या डायनासोरची हाडं निघाली. त्याचं आजचं नाव इसिसॉरस, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. त्याच जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. शास्त्रज्ञांनी ते तपासले, तर आत गवताचे सूक्ष्म कण निघाले. 2005 साली ते प्रसिद्ध झालं. म्हणजे डायनासोरच्या अखेरच्या काळात आपल्याकडे गवत होतं आणि ते खाल्लं जात होतं. ज्वारी गवताच्याच कुळातली. भाकरी खाताना मुलांना हे सांगा, शेण म्हटल्यावर ती हसतील आणि जन्मभर विसरणार नाहीत.

सोलापुरात डायनासोरची हाडं दाखवता येत नाहीत, पण त्यांच्या काळातला दगड पायाखाली आहे. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. तो थरावर थर वाहिला तो काळ साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, डायनासोर संपले त्याच सुमाराचा. त्यांचा शेवट आजच्या मेक्सिकोजवळ आदळलेल्या अशनीने झाला असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, या ज्वालामुखींचा त्यात वाटा किती यावर चर्चा चालू आहे. मंगळवेढ्याची ज्वारी ज्या काळ्या रानात पिकते, ती माती याच दगडाची झिजून झालेली. भुईकोट किल्ल्यात गेलात की मुलीला एखाद्या काळ्या दगडावर हात ठेवायला सांगा. संग्रहालयात हात लावू देत नाहीत, इथे देतात.

जमलं तर एका सकाळी नान्नजच्या माळढोक अभयारण्यातही जाऊन या. माळढोक आता नशिबानेच दिसतो, पण काळवीट दिसतील, माळावर पळणारे पक्षी दिसतील. पक्षी हे डायनासोरच्याच एका शाखेचे वंशज. चीनमध्ये 1996 साली पिसांच्या खुणा असलेला डायनासोर जाहीर झाला, तेव्हापासून चित्रंही बदलली. प्रदर्शनात पिसं असलेला एखादा प्राणी असेल, तर ब्लॉकमधून पिसं कशी काढली ते मुद्दाम पाहा. आम्ही पाहिलेल्यात पातळ पट्ट्या तिरक्या लावून काढली होती, आणि मला सगळ्यात आवडलेलं काम तेच.

परत आल्यावर खरा सांगाडा पाहायची मुलीची इच्छा झाली, तर लांब जायला नको. हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात कोटासॉरस या डायनासोरचा सांगाडा उभा आहे, तेलंगणातल्या यमनपल्लीला सापडलेला, सुमारे 9 मीटर लांब. आपल्याला हैदराबाद म्हणजे पुण्यापेक्षा थोडंच जास्त अंतर.

तिथल्या दुकानातून महागडे डायनासोरचे संच घेऊ नका. साधे सुटे ब्लॉक घ्या आणि मुलीला चौकटीच्या वहीवर आधी ग्राफ काढायला लावा, पाच ब्लॉक उंची म्हणजे सहा बटणं रुंदी हे प्रमाण सांगून. धाकट्यासाठी दुप्पट मापाचे मोठे ब्लॉक, म्हणजे डुप्लो, घ्या. बारीक तुकडा तोंडात जायची भीती त्यात नसते, आणि ते मोठ्या बहिणीच्या साध्या ब्लॉकला जोडताही येतात, म्हणजे दोघांना मिळून एकच डायनासोर करता येईल. आमच्याकडे दोघांनी केलेला अजून टीव्हीच्या शेजारी उभा आहे. पाय डुप्लोचे, मान बारीक ब्लॉकची.